बाळाबाईच्या म्हशी आणि मोबाइलातला पावणा

आकाराम चौगल्याच्या घरी पावणा आला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. आणि आला तोही असा, की त्याच्यासाठी चुलीवर आधण वाढवायला लागलं नाही की अंथरूण घालायला लागलं नाही.

झालं असं. मुलगा पृथ्वीराज आणि नात अनुजा दिवाळी उरकून पुण्याला परत निघाले होते. गाडीत पिशव्या भरून झाल्या होत्या. पृथ्वीराज फडक्यानं काच पुसत उभा होता, म्हणजे निघायची घाई झाली होती पण तोंडानं तसं म्हणायचं नव्हतं. तेवढ्यात अनुजानं आज्ज्याचा मोबाइल मागून घेतला, त्यावर दोन-चारदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "आज्जा, यात आता काहीही विचारायचं. लिहायला नको. हे दाबायचं आणि बोलायचं. उत्तर मिळतं."

"कोण देतंय?"

"कोणी नाही. मशीन."

आकारामनं मान हलवली. मशीन म्हटल्यावर त्याला जन्मभर राबला त्या फाउंड्रीतलं, लोखंड ओतायच्या कारखान्यातलं मशीन आठवलं, आणि ते मशीन काही विचारलं तर उत्तर देणाऱ्यातलं नव्हतं. गाडी कोपऱ्यावरून वळली. हात वर केलेला होता तो खाली घेऊन तो आत आला.

गंगावेशीजवळच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. चार दिवस त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. आता बनाबाईच्या फोटोपुढची पणती सोडली तर हलणारं असं काही उरलं नव्हतं. बायको जाऊन त्याला तिसरं वर्ष चाललं होतं. चकल्यांचा डबा झाकणासकट तसाच होता. एकट्या माणसानं चकली खाल्ली की तिचा आवाज फार मोठा येतो, हे आकारामला अलीकडं कळलं होतं.

कॉटवर बसून त्यानं मोबाइल पुढं धरला. आता मूळचा नेसरीचा माणूस, ओळखपाळख झाल्याशिवाय कामाचं बोलणार कसा? बटण दाबून त्यानं पहिला प्रश्न टाकला तो असा, "पावणं, गाव कुठलं म्हणायचं?"

मोबाइलातनं सावकाश, स्वच्छ, पुस्तकी मराठीत उत्तर आलं की मी एक संगणकीय सहायक आहे, मला गाव नाही, पण मी तुमची काय मदत करू शकतो?

गाव नाही. आकारामला आधी त्याचंच वाईट वाटलं. मग त्यानं आपलं सगळं सांगितलं. नेसरीत चौथीपर्यंतची शाळा, पाचवीत मास्तरांनी छडी मारली म्हणून नव्हे तर मारली नाही म्हणून शाळा सोडली, म्हणजे मास्तरांनी आपल्यावरची आशाच सोडली असं वाटून. मग कोल्हापूर, फाउंड्री, वाळूचे साचे करता करता गेलेला जन्म. पावण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आपला अनुभव मोलाचा आहे. आकाराम जागच्या जागी सरळ होऊन बसला.

त्या दिवसापासून विचारायचा सपाटा सुरू झाला. म्हस पाण्यात का बसते? पावण्यानं सांगितलं, कातडं काळं, घाम कमी, अंग तापतं. लोखंड किती उष्णतेला वितळतं? पावण्यानं आकडा सांगितला. आकाराम खूश झाला, कारण सगळी नोकरी त्यानं ते नुसत्या रंगावरनं ओळखलं होतं, आधी तांबडं, मग पिवळं, मग डोळ्यांपुढं हात धरायला लावणारं पांढरं, आणि त्या पांढऱ्याला आकडा आहे हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. शिरोळला बहीण दिलेली, तिच्या दारात पुराचं पाणी आलं की आठ आठ दिवस का हलत नाही, तेही विचारून झालं. पावणा कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून समजावत बसला. उत्तर द्यायला कधी कंटाळला नाही, कधी "मगाशीच सांगितलं की" म्हणाला नाही. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी न चुकता विचारायचा, "आणखी काही जाणून घ्यायचं आहे का?"

बनाबाई गेल्यापासून त्या घरात आकारामला असं शेवटाला कुणी विचारलं नव्हतं. जेवणाच्या ताटावर ती विचारायची, आणखी वाढू का. बस्स, तेवढंच. पण कान त्या आवाजाच्या शोधात होते.

आता हे झालं घरचं. आकारामचं खरं जगणं मात्र घरी नव्हतं, ते होतं संध्याकाळचं, दूध कट्ट्यावर.

गंगावेशीच्या कट्ट्यावर दिवस मावळायला म्हशी येतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, ही तिथली रीत. त्यात बाळाबाईच्या दोन म्हशी. बाळाबाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हससुद्धा मान वळवायची. तिच्या म्हशींभोवती रोज चार-सहा म्हाताऱ्यांचं टोळकं जमायचं, आणि तिथं वाद व्हायचे. कशावरूनही व्हायचे. म्हशीला स्वतःचं नाव कळतं का, नाग दूध पितो का, कोल्हापुरात आधी रेल्वे आली का वीज. वादाचा नियम ठरलेला. धार सुरू झाली की वाद सुरू. शेवटच्या म्हशीची कास रिकामी झाली की बाळाबाई उठायची, पदराला हात पुसायची आणि सांगायची, "धार संपली. ऱ्हायलेलं उद्या." त्यावर अपील नव्हतं. हरणाऱ्यानं सगळ्यांना दूध पाजायचं असंही ठरलेलं होतं, पण हरायला कुणी तयार नसल्यामुळं जो तो वर्षानुवर्षं आपापला पेला पीत होता.

यात मुख्य जोड आकाराम आणि दिलदार नदाफ यांची. दिलदार गाद्या करणारा, बापजाद्यांचा पिंजाऱ्याचा धंदा. आकारामचं लग्न झालं तेव्हा गादी त्याच्याकडनंच भरून घेतली होती. गादी घरी आल्यावर आकाराम म्हणाला कापूस कमी भरलाय, दिलदार म्हणाला तुझी पाठच खडबडीत हाय. तो या दोघांचा पहिला वाद. तो मिटला नाही, आणि दोस्ती तिथनं सुरू झाली. आकाराम अजून त्याच गादीवर झोपतो. मधनंअधनं दिलदारनं ती पिंजून दिली, आणि दर वेळी कापसाचा वाद नव्यानं भरून दिला.

एकदा तर कहर झाला. मलकापूरच्या एसटी स्टँडपाशी एक झाड होतं, ते फणसाचं का जांभळाचं, यावर जुंपली. आकाराम म्हणे फणस, दिलदार म्हणे जांभूळ. दोन पावसाळे हा वाद चालला. शेवटी दोघं एसटीत बसून मलकापूरला गेले. जाऊन बघतात तर झाड तोडलेलं, नुसता बुंधा. चहावाल्याला विचारलं तर तो आठ दिवसांपूर्वी तिथं आलेला. मग दोघांनी गरम भजी खाल्ली आणि परतीच्या एसटीत बुंध्यावरनं वाद सुरू केला. बाळाबाईनं विचारलं, काय ठरलं? दोघं एका तोंडानं म्हणाले, ऱ्हायलंय अजून. ती म्हणाली, बरं झालं.

तिचं ते बरं झालं कशासाठी होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तर अशा त्या कट्ट्यावर आकाराम पावण्याला खिशात घालून गेला. नवीन धोतर नेसलेल्या माणसासारखा गेला. त्या दिवशी विषय निघाला होता कोल्हापुरात आधी काय आलं, रेल्वे का वीज. हा वाद आजवर तीन मोसम पुरला होता. आकारामनं मोबाइल तोंडापाशी धरला, विचारलं, आणि पेल्यातला फेस बसायच्या आत निकाल आला. सगळ्यांनी वाहवा केली. भाजीचं दुकान असलेला सयाजी म्हणाला, आता नागाचं विचार. नागाचंही आलं. म्हशीच्या नावाचंही आलं. अशी मजा कट्ट्यानं कधी बघितली नव्हती. इतकी वर्षं अडकून पडलेली भांडणं भराभरा निकालात निघत होती. आकारामला तर कोर्टाच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं.

चार-आठ दिवस गेले. मग एक गोष्ट व्हायला लागली. प्रश्न निघायचा, पावणा सांगायचा, सगळे "व्हय का?" म्हणायचे, आणि मग गप. काही बोलायचं उरायचं नाही. पेला रिकामा करून एकेक जण उठायचा. सयाजी म्हणाला दुकानात पोरगं एकटंच हाय, दुसरा म्हणाला मालिका लागायची वेळ झाली. म्हशीची धार निम्म्यावर असायची आणि भोवती माणूस नसायचं. बाळाबाई कुणाकडं न बघता म्हणायची, "ऱ्हायलेलं कुणाला सांगू आता? म्हशीला?"

आकारामला ते कळलं नाही. त्याला वाटलं थंडी वाढली म्हणून लोक लवकर उठतात.

आणि मग तो चित्त्याचा दिवस आला.

आफ्रिकेतनं विमानानं चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या जंगलात सोडले, त्यातल्या एका मादीला पिल्लं झाली अशी काहीतरी बातमी सयाजीनं वाचली होती. चित्ता म्हटलं की दिलदारची गोष्ट निघणारच. ती गोष्ट कट्ट्यानं शंभरदा ऐकली होती. कोल्हापुरात संस्थानाच्या काळापासून शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते, ते सांभाळणारे चित्तेवान होते, आणि त्यातला एक चित्ता एकदा सकाळच्या वेळी रस्त्यानं नेताना दिलदारनं बघितला होता, आपल्या अब्बाच्या खांद्यावर बसून. डोळ्यांवर तांबड्या चामड्याचं टोपरं, कमरेला दोर, पाठीवर ठिपके, आणि चाल अशी की पायाखाली गादी अंथरलीय. आकारामचं म्हणणं ठरलेलं, की तो चित्ता नव्हताच, सर्कशीतला बिबट्या असणार. मग चित्त्याचे ठिपके आणि बिबट्याचे ठिपके यावर धार संपायची.

त्या दिवशी दिलदारनं गोष्ट सुरू केली. अब्बाच्या खांद्यापर्यंत आला होता. आकारामनं खिशातनं मोबाइल काढला आणि विचारलं, कोल्हापुरातला शेवटचा चित्ता कधी मेला?

पावण्यानं एक साल सांगितलं. ठाम सांगितलं, जसं लोखंडाचं सांगितलं होतं तसं.

ते साल दिलदारच्या जन्माच्या चार वर्षं आधीचं होतं. हिशेब सयाजीनंच केला आणि म्हणाला, "मग काका, तुमी तवा खांद्यावर काय, पोटात बी नव्हता."

कट्टा हसला. पुष्कळ दिवसांनी सगळे एकदम हसले. आणि आकारामनं, आयुष्यात पहिल्यांदा वाद जिंकलेल्या आकारामनं, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला.

दिलदारनं मोबाइलकडं बघितलंच नाही. तो आकारामच्या मांडीवरच्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं पेला कट्ट्यावर ठेवला. निम्मा भरलेला होता. टोपी सारखी केली आणि गेला. धार अजून चालू होती. बाळाबाईनं मान वर करून बघितलं, पण धार संपली नव्हती म्हणून तिलाही काही म्हणता येईना.

हरला त्यानं पाजायचं, पण त्या दिवशी कुणी कुणाला पाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिलदार आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आकारामनं मनाशी ठरवलं, गुडघा दुखत असेल. आठवडा गेला. कट्ट्यावर आता सयाजी तेवढा यायचा, तोही पेला तोंडाला लावून उभ्या उभ्या जायचा. आकाराम म्हशीच्या शेपटीकडं बघत बसायचा. सवयीनं म्हणायचा, "न्हाय, पण माझं म्हणणं असं की," आणि पुढं बसणाऱ्या माणसाच्या जागी खुंटा दिसायचा.

एका दुपारी तो त्या लग्नातल्या गादीवर आडवा पडला होता. पाठीखाली कापसाची एक गाठ नेहमीसारखी टोचत होती. ती गाठ चाचपता चाचपता त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि आली ती अशी की तो उठून बसला. दिलदारचा बाप दिलदार लहान असतानाच वारला होता. हे त्याला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. इतक्या वर्षांत दिलदारनं बापाविषयी दुसरं काही सांगितल्याचं मात्र आकारामला आठवेना. बाप कसा बोलायचा, कसा रागवायचा, काय खायचा, काहीच नाही. बाप यायचा तो फक्त त्या चित्त्याच्या गोष्टीत. तोही निम्माच, खांद्यांपुरता.

चित्ता नव्हता म्हटल्यावर खांदेही गेले. ते आपण भर कट्ट्यावर काढून घेतले, आणि वर शड्डू ठोकला.

आकारामनं मोबाइल घेतला. पावणं, म्हणाला, ते चित्त्याचं साल चुकलंय तुमचं.

पावणा लगेच म्हणाला, "क्षमस्व. आपलं बरोबर आहे." आणि दुसरंच साल सांगितलं, तितक्याच ठामपणे. त्या सालात दिलदार पाच वर्षांचा होत होता. आकारामला वाटलं, उठावं, टोपी घालावी आणि पळत सुटावं. पण फाउंड्रीतला माणूस, साचा एकदा ठोकून बघितल्याशिवाय रस ओतत नाही. त्यानं परत म्हणून बघितलं, न्हाय, पयलंच साल बरोबर हुतं.

"आपण बरोबर आहात. गैरसमजाबद्दल दिलगीर आहे."

आकारामनं मोबाइल उलटापालटा करून बघितला. हा कसला गडी? हात मिळवायच्या आधीच पाठ टेकतो. ह्याला डावीकडं ढकला, डावीकडं पडतो, उजवीकडं ढकला, उजवीकडं. त्यानं आवाज चढवून विचारलं, खरं काय ते एकदा सांग. तेव्हा पावणा म्हणाला की या बाबतीत नोंदी वेगवेगळ्या आढळतात, मला खात्रीनं सांगता येत नाही.

"मग हे त्या दिवशी कट्ट्यावर म्हणायला काय झालंतं तुला?"

पावण्यानं पुन्हा माफी मागितली. फार सुंदर शब्दांत मागितली. आणि विचारलं, "आणखी काही जाणून घ्यायचं आहे का?"

"दिलदार कट्ट्यावर कधी येणार?"

त्याविषयी पावण्याकडं माहिती नव्हती.

इतके दिवस ज्या आवाजानं खोली भरल्यासारखी वाटत होती, तो बंद झाल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायला लागली. सगळ्या गोष्टींना हो म्हणणारं माणूस घरात असणं आणि कुणीच नसणं, यात फरक काय, ते आकारामला सापडेना. बनाबाईनं जन्मात त्याच्या एका शब्दाला सरळ हो म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर ती म्हणायची, जिभेला तंबाखूची सवय झालीय तुमच्या. आणि दिलदारनं तर बुंधा समोर असताना ऐकलं नव्हतं.

त्यानं गादीची वळकटी केली, सुतळीनं बांधली आणि खांद्यावर घेतली. रिक्षावाला थांबून म्हणाला, आजोबा, बसा. आकाराम म्हणाला, लांब जायचं न्हाय. खरं म्हणजे लांब होतं. वाटेत दोनदा गादी भिंतीला टेकवून दम घ्यावा लागला. एका पोरानं विचारलं, कुठं मुक्कामाला निघालाय? आकाराम म्हणाला, बघू, ठेवून घेत्यात का.

दिलदारच्या दुकानात आता सगळा फोमचा माल. गल्ल्यावर मुलगा फराज. त्यानं चाचा या म्हणून खुर्ची दिली, गादी उतरून घेतली आणि हसून म्हणाला, किती दिवस ही चालवणार, नवी घेऊन जा की. आकाराम म्हणाला, पिंजायला आणलीय, तुझ्या बापाच्या हातानं. फराजनं आतल्या बाजूला नुसतं बोट केलं.

आत गोदामात कापसाच्या जुन्या गाठोड्यावर दिलदार बसला होता. वर भिंतीला त्याची पिंजायची धनुकली टांगलेली. त्यानं आकारामकडं बघितलं, गादीकडं बघितलं, सरकून जागा केली. फराजची बायको रुबीना चहा देऊन गेली, जाताना आकारामच्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवून गेली. म्हणजे इतके दिवस दिलदार घरातही असाच रुसून बसला होता, ते त्याला कळलं.

चहा संपला. मग दिलदारच म्हणाला, "बरोबर हाय तुझा पावणा."

आकारामनं बशी खाली ठेवली.

"फराजला बी त्याच्या मोबाइलात बघायला लावलं. न्हाय जमत हिशेब. मी नसंन तिथं." दिलदार कापसाचा एक पुंजका बोटानं सोडवत होता. "आईनं सांगितलं आसंल, आन मला वाटलं मीच बघितलं. पोराच्या जातीला काय कळतंय."

एवढ्या वर्षांत दिलदारनं मान्य केलेली ही पहिली गोष्ट. आकारामला आनंद व्हायला हवा होता. झाला मात्र नाही. त्याला फाउंड्रीतला, भट्टी विझवलेल्या सुट्टीच्या दिवसाचा सन्नाटा आठवला. तो चिडला, आणि खरंच चिडला.

"न्हाय. तू हुतास. पावण्याला बी त्या सालाची खात्री न्हाय."

"अरे मर्दा, मीच म्हंतोय नव्हतो म्हणून."

"तुझ्या म्हणण्याला कोण इचारतंय? टोपरं कशाचं हुतं?"

"तांबड्या चामड्याचं."

"ठिपकं कुठं हुतं?"

"पाठीवर."

"आन तोंड कसं हुतं चित्त्याचं?"

दिलदारनं पुंजका खाली ठेवला. तोंड त्याला सांगता येईना.

"कधीच न्हाय सांगितलंस," आकाराम म्हणाला. "मी इतकी वर्सं ऐकतोय. पाठ सांगतोस, टोपऱ्याचा वरचा टाका सांगतोस, चित्तेवानाच्या पागोट्याचा पीळ सांगतोस. सगळं वरनं बघितल्यावानी. आईनं सांगितलं आसतं तर तोंड सांगितलं आसतं, दात सांगितलं आसतं, पोरगं भ्यावं म्हणून. वरनं कोण बघंल? खांद्यावर बसलेलं पोरगं."

बाहेर फराज कुणाला तरी फोमची जाडी समजावून सांगत होता. मग दिलदार हळू आवाजात म्हणाला, "अब्बाचं तोंड बी न्हाय रं आठवत. टोपी तेवढी दिसती, वरनं. आन खांदं. कापसाची तूस असायची खांद्यावर, मांडीला टोचायची."

आकारामच्या सदऱ्याच्या खांद्यावर गादीतनं निघालेली तूस चिकटली होती. दिलदारनं हात लांबवून ती झटकली.

आणि झटकता झटकता त्याच्या कपाळावर वाद घालतानाची ती जुनी आठी चढली. आकारामनं ती बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"पर थांब," दिलदार म्हणाला. "आई माडीवरनं बघत आसंल तर? आमच्या जुन्या घराला माडी हुती. माडीवरनं बी पाठच दिसती."

"कसली माडी? पोटमाळा हुता तो. खिडकी तरी हुती का त्येला?"

"हुती."

"मागल्या अंगाला हुती, उकिरड्याकडं. उकिरड्यावरनं नेत हुते काय चित्ता?"

"तुला काय म्हाईत, तू तवा नेसरीत शेण काढत हुतास."

"म्हणून तर सांगतो."

दिलदार टोपी शोधायला लागला. टोपी डोक्यावरच होती.

कट्ट्यावर पोचले तेव्हा उशीर झाला होता. सयाजी येऊन गेलेला, टोळकं नव्हतंच. एक म्हस मोकळी होऊन रवंथ करत होती आणि बाळाबाई दुसरीच्या कासेशी शेवटच्या धारांना बसली होती. दोघांचे आवाज तिला गल्लीच्या तोंडापासनं ऐकू आले असणार, कारण तिनं मान न वळवता दोन पेले पुढं ओढले. पेल्यांत जेमतेम निम्मं निम्मं दूध आलं. कुणी तक्रार केली नाही.

कट्ट्यावर ते दोघंच बसले. आकाराम म्हणे तू होतास, दिलदार म्हणे नव्हतो. पंधरा दिवसांपूर्वी ज्याचं जे म्हणणं होतं ते आता दुसऱ्याच्या तोंडात होतं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाळाबाईनं एकदा ऐकून घेतलं, म्हणाली, "आता ह्यो कुठला नवा चित्ता?" आकाराम म्हणाला, जुनाच हाय, आज बाजू बदललीय. मोबाइल खिशात होता. एकदा काहीतरी घरघरला. आकारामनं वरनंच हात ठेवला, जसा झोपलेल्या पोरावर ठेवतात तसा, आणि बोलत राहिला.

मुद्दा खिडकीवर अडकला होता. तेवढ्यात धारेचा आवाज थांबला. बाळाबाई उठली. पदराला हात पुसले. दोघंही तिच्याकडं वळले.

"धार संपली," ती म्हणाली. "ऱ्हायलेलं उद्या."

दिलदार उठला. म्हणाला, उद्या आधी मी बोलणार. आकाराम म्हणाला, बघू. गल्लीच्या कोपऱ्यावर दोघं दोन बाजूंना गेले.

घरी आल्यावर आकारामच्या ध्यानात आलं, गादी दुकानातच राहिली. कॉटच्या नुसत्या फळ्या होत्या. त्यानं चटई घातली, वर बनाबाईचं जुनं लुगडं दुमडून अंथरलं. पाठीला लागत होतं. चकल्यांचा डबा उघडून त्यानं एक चकली घेतली, आवाज पुन्हा मोठाच आला, खोलीभर. सांगायला कुणी नव्हतं म्हणून फोटोकडं बघून तो म्हणाला, "कापूस कमीच भरलाय त्येनं. उद्या गादी आणायला गेलो की दावतो."

फोटोतनं हो आलं नाही. ती हो म्हणणारच नव्हती.